आत्याच्या मंगलाष्टका आणि दोन पंचांगं

मुलीच्या आईनं मुलीचं लग्न लागताना बघायचं नाही, अशी आमच्याकडं रीत आहे. आत मंगलाष्टका चालू असतात, झाडून सगळे पाहुणे अक्षता मुठीत धरून उभे असतात, आणि जिनं त्या पोरीला जन्म दिला तिनं कार्यालयाच्या मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत उभं राहायचं. का, म्हणून मी लहानपणी विचारलं होतं. ‘असतं तसं,’ एवढंच उत्तर मिळालं आणि वर ‘फार बोलते ही’ असा शेरा. तो शेरा मला आजतागायत चिकटलेला आहे आणि मीही तो खोडायच्या भानगडीत कधी पडले नाही.

ही रीत अख्ख्या सांगलीत सगळ्यात कडकपणे पाळायला लावणारी बाई म्हणजे माझी सख्खी आत्या. आत्या मंगलाष्टका म्हणायची. नुसती म्हणायची नाही, रचायची. दोन्हीकडच्या आज्या, मामा, आत्या, परदेशातला दीर, सगळ्यांची नावं ती शार्दूलविक्रीडितात अशी बसवायची की एक मात्रा इकडची तिकडं होत नसे. आमच्या भागात लग्न ठरलं की पत्रिका छापायला टाकण्याआधी माणसं आत्याकडं येऊन तिची तारीख मोकळी आहे का ते विचारून जात. आणि कार्यालयात माइक हातात घेतला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: ‘मुलीच्या आईला मागं न्या बघू.’ एखादी आई हमसून हमसून रडायला लागली तर म्हणायची, ‘रड गं, पण तुळशीपाशी जाऊन रड. तिथं कुणी बघत नाही.’ मग घसा साफ करून गायला सुरुवात. तिचा आवाज असा स्वच्छ आणि उंच होता की शेवटच्या रांगेतली जेवणावर डोळा ठेवून बसलेली माणसंसुद्धा उठून उभी राहत.

अठ्ठ्याण्णव साली तिच्या स्वतःच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा साताऱ्याचा. पसंती झाली, साखरपुड्याची तारीख निघाली, घरात आनंदीआनंद. त्या संध्याकाळी आत्या पोळ्या लाटत होती, आम्ही दोघी आतेमामेबहिणी ओट्यापाशी उभ्या राहून गरम पोळी तूप लावून खात होतो. एकाएकी आत्याचं लाटणं थांबलं.

‘अगं बाई,’ ती म्हणाली, ‘मी कुठं असणार?’

आम्हाला कळेना. तव्यावरची पोळी करपायला लागली तेव्हा कळलं. आत्या तुळशीपाशी असणार होती.

मी म्हटलं, ‘काही नाही. तू पुढं उभी राहायचं आणि गायचं. रीत गेली खड्ड्यात.’

‘वा गं वा! सांगलीतल्या निम्म्या बायकांना मी हाताला धरून मागं पाठवलंय. आता माझ्यावर पाळी आली म्हणून रीत मोडू? तोंडात शेण घालतील सगळ्या.’

‘घालू देत.’

‘तुला काय जातंय बोलायला,’ असं म्हणून तिनं पुन्हा लाटायला घेतलं, पण पोळी काही गोल होईना. आत्याची पोळी गोल झाली नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं. कारण या मुलीसाठीच्या मंगलाष्टका तिनं काही कालपरवा रचल्या नव्हत्या. बारशाच्या दिवशी पहिली ओळ सुचली, आणि मग वीस-बावीस वर्षं त्यात भर पडत गेली. पोरगी चालायला लागली, एक ओळ. गोवर आला आणि गेला, एक ओळ. दहावीला गणितात काठावर सुटली तर त्याचीही ओळ होती, पण ती पोरीनं भांडून काढायला लावली. अख्ख्या गावाच्या मुलींसाठी गायलेल्या या बाईला तिच्याच मुलीच्या लग्नात तोंड मिटून कुंडीत पाणी ओतायचं होतं. ती दोन दिवस नीट जेवली नाही, आणि मला तिची भयंकर कीव आली आणि रागही आला.

आता माझं सांगते. मी तेव्हा सांगलीतच एका व्हिडिओ शूटिंगवाल्याकडं कामाला होते. मालकांनी नवाकोरा कॉम्प्युटर घेतला होता आणि तो चालवायला त्यांना माणूस हवा होता. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि घरातले लोक माझ्यासाठी स्थळं बघत होते, तेव्हा दिवसभर घराबाहेर राहायला मिळतंय म्हणून मी ती नोकरी धरली. काम मुख्यतः रिक्षावरच्या जाहिरातींचं. साड्यांचा सेल, नवीन हॉटेल, शिकवणीचा क्लास, नाटकाचा प्रयोग. मजकूर माइकवर रेकॉर्ड करायचा, कॉम्प्युटरवर कापायचा, मागं संगीत टाकायचं आणि कॅसेट भरून द्यायची.

त्या कॉम्प्युटरवर आवाज लांब-आखूड करायच्या दोन तऱ्हा होत्या. पहिली साधी आणि झटपट. आवाज जोरात पळवायचा, की वेळ कमी लागतो. पण त्याबरोबर आवाज बारीक होतो. हळू चालवला की वेळ वाढतो आणि आवाज जाडा होतो. तासगावचे एक द्राक्षाच्या औषधांचे दुकानदार स्वतःच्याच आवाजात जाहिरात करायला आले होते. बोलायला लागले ते थांबेचनात. कॅसेटच्या जागेत बसावं म्हणून मी आवाज पळवला आणि त्यांना ऐकवला. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. ‘आवं ताई, ह्ये काय! मी काय बालवाडीतलं पोरगं हाय व्हय? ह्या आवाजात औषध इकलं तर लोक चॉकलेट समजून खातील की!’

दुसरी तऱ्हा शहाणी होती. ती लांबी बदलायची, पण पट्टी तशीच ठेवायची. गाणारी बाई काळी पाचमध्ये असेल तर काळी पाचमध्येच राहायची, फक्त सावकाश किंवा घाईनं म्हणाल्यासारखी वाटायची. पण ही तऱ्हा त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरला झेपत नसे. जेवायला जाताना बटण दाबायचं, जेवून, बडीशेप खाऊन, शेजारच्या टेलरशी गप्पा मारून परत यावं, तरी तो आपला कुंथतच असायचा.

तर मी आत्याला म्हटलं, ‘तू मागं तुळशीपाशी उभी राहा. आणि पुढं गा पण.’

‘डोकं फिरलंय का तुझं?’

मग तिला सगळं समजावलं. आधी रेकॉर्ड करायचं, लग्नात वाजवायचं. मंगलाष्टकांची खरी गोम अशी असते की त्या बरोब्बर मुहूर्तावर संपाव्या लागतात. एक मिनिट आधी संपल्या तर सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात, आणि एक मिनिट उशीर झाला तर गुरुजी घड्याळ बघत हातवारे करायला लागतात. गाणारं माणूस समोर असलं की लांबवतं, आटपतं. कॅसेटला ते जमत नाही, पण कॉम्प्युटरला जमतं. मी आधीच चार, पाच आणि सहा मिनिटांच्या अशा तीन तयार करून ठेवीन, तिन्ही तुझ्याच पट्टीत. गुरुजी खूण करतील त्या घटकेला जी मुहूर्ताला बरोबर बसेल ती लावीन.

आत्यानं आमच्या गुरुजींना विचारून घेतलं. गुरुजी विचार करून म्हणाले, ‘यंत्रानं म्हटलं तर हरकत दिसत नाही. माऊलीनं फक्त तुळस सोडायची नाही.’ आत्या त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवली.

रेकॉर्डिंगला आली तेव्हा मात्र दारातच अडली. मालकांनी आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले होते, वरपासून खालपर्यंत.

‘या खोलीत मंगलाष्टका?’ आत्या म्हणाली. ‘अंड्यांच्या?’

‘अगं, अंडी कुठं आहेत? पुठ्ठे आहेत नुसते.’

‘पुठ्ठ्यांत काय पेढे होते?’

मालक हात जोडून उभे. शेवटी घरून तीन सोवळ्याची उपरणी, दोन रेशमी साड्या आणि एक सतरंजी आणून सगळ्या भिंती झाकल्या, तेव्हा कुठं आत्या आत गेली. आणि मग गायली. मधे एकदा बाहेरून भंगारवाला ओरडला, एकदा टेलरनं शिट्टी मारली, एकदा आत्या स्वतःच आपल्या ओळीवर इतकी खूश झाली की ‘आहाहा’ म्हणाली. ते सगळं मी कापून काढलं. पण शेवटच्या कडव्याला, जिथं पोरीला निरोप द्यायचा होता, तिथं तिचा आवाज जरासा कापला. ते मी तसंच ठेवलं.

सगळं झाल्यावर तिनं मला एकच अट घातली. साखरपुड्याला साताऱ्याकडची माणसं आली होती, त्यात नवऱ्या मुलाची मावशी होती. तिला गायची फार हौस. मुलीची आई गाणार नाही असं कळल्यावर ती उठून म्हणाली होती, ‘काही काळजी करू नका, मी आहे की!’ आणि तिथल्या तिथं तिनं सिनेमातल्या चालीवर दोन मंगलाष्टका म्हणून दाखवल्या होत्या. मधल्या जागा तर तोंडानं तबला वाजवून भरल्या होत्या. आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू मी त्या वेळी बघितलं होतं. गोठलेल्या तुपासारखं दिसत होतं.

‘हे बघ,’ आत्या म्हणाली, ‘सुरुवातीपासून मुहूर्तापर्यंत माझाच आवाज. मधे फट ठेवायची नाही. एवढीशी फट दिसली तर ती बाई आत शिरेल. माझ्या पोरीचं लग्न माझ्या आवाजात लागलं पाहिजे. कळलं?’

‘कळलं.’

‘शपथ घे.’

घेतली.

लग्नाच्या दिवशी कॉम्प्युटर कार्यालयात नेला तो आमच्याच जाहिरातीच्या रिक्षातून. रिक्षावाला मिरजेकडचा, बोलायला मोकळा. डबा मागच्या सीटवर, टीव्हीसारखा पडदा माझ्या मांडीवर, माउस माझ्या पर्समध्ये. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘लग्नात टीव्ही कशाला वो लागतुया? क्रिकेटची मॅच हाय का आज?’ मी सांगितलं की यात आत्या गाणार आहे. त्यानं आरशातून माझ्याकडं असं बघितलं की मला स्थळं येत नाहीत यात नवल नाही असं त्याला वाटलं असणार.

कार्यालयातले स्पीकर सगळे पुढं तोंड करून. मागच्या अंगणात काही ऐकू यायचं नाही. आत्याला आपलंच गाणं ऐकू आलं नाही तर काय अर्थ! म्हणून रिक्षा मागं नेली, तुळशीच्या कुंडीपासून दोन हातांवर उभी केली आणि वायर ओढून रिक्षावरच्या कर्ण्याला जोडली. रिक्षाच्या पाठीवर ‘भव्य साडी सेल’चं कापड तसंच होतं. ते काढायला सांगितलं तर रिक्षावाला म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या की ताई, बायकाच येणार हायत.’ वायर बरोबर लागली का बघायला म्हणून त्यानं कर्णा चालू केला, त्यात कालची कॅसेट. सीमांतपूजनाच्या पाटावर बसलेल्या व्याह्यांच्या कानावर ‘एकावर एक फ्री’ असं आदळलं. मी धावत जाऊन कॅसेट काढली.

आत हॉलमध्ये कॉम्प्युटर एका टेबलावर मांडला. कुणीतरी त्याला हळदकुंकू लावलं, कुणीतरी पडद्यावर झेंडूची माळ घातली. मोगऱ्याचा गजरा डब्यावर ठेवायला निघालेल्या काकूंना मात्र मी हात धरून थांबवलं. तीन फायली तयार होत्या. मी हेडफोन गळ्यात अडकवून एखाद्या विमानाच्या पायलटच्या थाटात बसले होते. नवरी मुलगी मामाच्या हाताला धरून येऊन उभी राहिली, आत्यानं तिच्या गालावरून हात फिरवला, माझ्याकडं बघून मान हलवली आणि तांब्या घेऊन मागं गेली. सगळं कसं जिथल्या तिथं.

आणि मग दोन गुरुजी भांडायला लागले.

आमचे गुरुजी सांगलीचे, त्यांच्या बाजूचे साताऱ्याचे. आमच्या पंचांगात मुहूर्त बारा सत्तावीसचा. त्यांच्या पंचांगात बारा एकतीसचा. पत्रिकेत ‘दुपारी साडेबाराच्या सुमारास’ छापल्यामुळं हे आजवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. साताऱ्याचे गुरुजी म्हणाले, ‘तुमचं पंचांग जुन्या गणिताचं आहे.’ आमचे म्हणाले, ‘सूर्यही जुनाच आहे.’ दोघंही आपापली पंचांगं उघडून बोट ठेवून उभे. अंतरपाट धरलेल्या दोन मुलांचे हात खाली यायला लागले. लोक अक्षता मुठीत घट्ट धरून ऐकत होते. मला विचाराल तर मंगलाष्टकांपेक्षा लक्ष देऊन ऐकत होते.

शेवटी दोन्ही व्याह्यांनी मधे पडून तोड काढली. आमच्या मुहूर्ताच्या हिशेबानं, म्हणजे बारा तेवीसला, सुरुवात करायची आणि त्यांचा मुहूर्त होईस्तोवर अंतरपाट काढायचा नाही. म्हणजे दोन्ही मुहूर्त आत आले. दोन्ही गुरुजी नाखुशीनं पण एकदम ‘हं’ म्हणाले. आमचे गुरुजी माझ्याकडं वळले.

‘बाळ, तुमचं ते यंत्र दोन्ही मुहूर्त पोटात घेईल का? आठ मिनिटं लागतील.’

आठ! ‘माझ्याकडं जास्तीत जास्त सहाची आहे,’ मी म्हटलं. ‘आणि सुरुवात कधी?’ मी विचारलं.

‘आमचे श्लोक झाले की लगेच. तीन-चार मिनिटांत.’

शहाण्या तऱ्हेनं लांबवायचं तर कॉम्प्युटर जेवणाची पंगत उठेपर्यंत कुंथत बसला असता. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, ‘अहो, दोन मिनिटांचाच प्रश्न आहे ना? मी भरून काढते की!’ साताऱ्याच्या मावशी खडीसाखर चघळत पुढं आल्या होत्या. एक हात पदरावर, एक हात माइकच्या दिशेनं.

मी जन्मात इतक्या पटकन काही ठरवलं नाही. साधी तऱ्हा. हळू चालव. सहाचे आठ. आवाज जाडा होणार हे मला माहीत होतं. पण जाडा तर जाडा, आत्याचाच असेल ना! ‘काही गरज नाही मावशी,’ मी म्हटलं, ‘बसा तुम्ही,’ आणि बटण दाबलं. पडद्यावर ती निळी पट्टी सरकायला लागली. गुरुजींचे श्लोक चालले होते. पट्टी अर्ध्यावर आली आणि थबकली. मी देवाला हात जोडले. मावशींनी घसा साफ केला. पट्टी सरकली. गुरुजींनी माझ्याकडं बघून हात वर केला आणि मी न ऐकता, न तपासता, तशीच लावून दिली.

पहिलं अक्षर स्पीकरमधून बाहेर पडलं. जाडा आवाज म्हणजे सर्दी झालेली आत्या, असं माझ्या मनात होतं. ही आत्या नव्हतीच. ही दुसरीच कुणीतरी बाई होती. वयानं खूप मोठी, खर्जात, सावकाश, एकेक अक्षर हातात घेऊन पुसून ठेवल्यासारखी गाणारी. हॉलमध्ये चुळबुळ झाली. ‘या कोण म्हणतायत?’ ‘मुलीच्या आईच ना?’ ‘आजारी होत्या का हो?’ साताऱ्याच्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून झटकलं आणि परत घातलं. अंतरपाटाआडून माझ्या आतेबहिणीनं मान वाकडी करून माझ्याकडं असं बघितलं की त्या क्षणी तिच्या हातात हार नसता तर तिनं काहीतरी फेकून मारलं असतं.

थांबवायची सोय नव्हती. थांबवलं की फट, आणि फटीत मावशी. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ आलं की मावशींचं तोंड उघडायचं, पुढच्या कडव्याची पहिली ओळ आली की मिटायचं. उघडायचं, मिटायचं. त्यांची मला मनापासून दया आली असती, पण त्या दिवशी माझी दया संपलेली होती.

मग हळूहळू एक गोष्ट झाली. लोक गप्प झाले. त्या संथ आवाजात आत्याची रचना ऐकू यायला लागली, शब्द न शब्द. एरवी मंगलाष्टकांचे शब्द ऐकतो कोण? पोरीचं चालायला लागणं आलं, गोवर आला, अंगणातली सायकल आली. सासरच्या सगळ्यांची नावं आली, तेव्हा साताऱ्याच्या मावशींचंही नाव आलं, अगदी मानानं. आणि त्यांचं तोंड पुढच्या ‘सावधान’ला उघडलं नाही. शेवटच्या कडव्यात निरोपाच्या जागी आवाज कापला. हळू केल्यामुळं ते कापणंही लांबलं. मुलीच्या मामांनी चष्मा काढला. आणि बारा एकतीसला, दोन्ही गुरुजींच्या घड्याळांत, शेवटचं ‘सावधान’ संपलं, अंतरपाट निघाला, अक्षता उडाल्या, बाहेर बँड वाजला.

सगळे मिठ्या मारत होते, पेढे वाटत होते. मी मात्र खुर्चीत तशीच. आत्यानं बावीस वर्षं जपून ठेवलेली गोष्ट मी कुणा अनोळखी म्हातारीच्या घशातून काढली होती. जिच्या मुलीचं लग्न जिच्या आवाजात लागायचं होतं, तिचा आवाजच त्या लग्नात नव्हता. आता काय तोंड दाखवायचं? वायर गुंडाळायच्या निमित्तानं इथूनच पळून जावं असं मी ठरवत होते, तेवढ्यात रिक्षावाला धापा टाकत आला.

‘ताई, मागं चला. बाई लय रडायल्यात. पानी संपलं तरी तांब्या वतत्यातच.’

मी धावले. आत्या तुळशीपाशी उभी होती. कुंडी भरून वाहत होती, तिच्या पैठणीच्या काठापर्यंत चिखल झाला होता, आणि हातातला रिकामा तांब्या अजून कुंडीवर तिरका धरलेला होता.

‘आत्या,’ मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं, ‘अगं, पंचांगं दोन निघाली. वेळच नव्हता. ती मावशी शिरली असती म्हणून मी हळू केलं, आणि आवाज सगळा बिघडला. तुझा आवाजच...’

‘आई होती,’ आत्या म्हणाली.

‘कोण?’

‘माझी आई. तुझी आजी. तू कुठली बघायला, तू जन्मायच्या आधीच गेली. अशीच म्हणायची ती. अशीच, खर्जात, एकेक शब्द सोडत.’ तिनं पदरानं नाक पुसलं. ‘आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरींना तिनं मंगलाष्टका म्हटल्या. मला तेवढ्या नाही म्हटल्या. माझ्या लग्नात ती अशीच मागं होती, तांब्या घेऊन. मी अंतरपाटाआड उभी राहून कान देत होते गं, की कुठूनतरी तिचा आवाज येईल. दुसरीच कुणीतरी म्हणत होती. तिचा आवाज कुठं भरून ठेवलेला नाही, काही नाही. मला वाटलं होतं, आता तो कधीच ऐकायला मिळणार नाही.’

एरवी फार बोलणारी मी, तिच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि तिच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. रिक्षावाला तोंड फिरवून उगाचच कर्ण्याची वायर ओढत उभा होता.

मग मी म्हटलं, ‘आत्या, घरी गेल्यावर मी परत करते. तुझ्या पट्टीत. शूटिंगच्या कॅसेटवरही तोच आवाज घालते, कुणाला कळणारसुद्धा नाही. नीट करून देते.’

आत्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

‘हात लावून बघ,’ ती म्हणाली. ‘काही नीट करायचं नाही.’